पाण्यापाशी बसलेला माणूस

"तिला तहान लागलीय," बायको म्हणाली. मी तेव्हा वाकून तिच्या पायांवरची चादर सारखी करत होतो, त्यामुळे मला वाटलं, शेजारच्या खुर्चीतल्या बाईंबद्दल बोलतेय. डायलिसिसच्या त्या लांबट खोलीत सहा खुर्च्या आहेत आणि सहाही जणांना आठवड्याचे सातही दिवस तहान लागलेली असते, तेव्हा यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी नुसतं 'हं' केलं. "अहो, यांना नाही. तिला. समोर बघा." मी वर पाहिलं. समोरच्या भिंतीला गेल्या आठवड्यात फिकट हिरवा रंग दिला होता आणि रंगाचा वास जायच्या आतच कुणीतरी तिथे एक मोठी चौकट ठोकली होती. चौकटीत माझी बकरी होती. माझी म्हणजे मी फोटो काढलेली, एकतीस वर्षांपूर्वी. वाळवंटाच्या मधोमध उठलेला काळपट डोंगर, त्याची दातेरी कड, मागे मावळतीचं तांबूस आभाळ आणि कडेवर एकटी रानबकरी. अंग आडवं, मान मात्र आपल्याकडे वळवलेली, शिंगांच्या वळणावर उन्हाची बारीक किनार. छापणाऱ्याने तांबडा रंग उगाच भडक केला होता आणि डावीकडचं आभाळ कापून टाकलं होतं. खाली पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता: संयम.

"कशावरून म्हणतेस?" मी विचारलं. "तोंड बघा ना तिचं. थोडं उघडं आहे, पण ओरडायला नव्हे. जीभ टाळूला चिकटली की असंच धरावं लागतं तोंड. मिटलं तर आणखी चिकटते." तिने स्वतःचं तोंड तसं करून दाखवलं. दाखवायची गरज नव्हती, गेलं वर्षभर ती तशीच तोंड धरून बसते. "इतकी वर्षं बघतेय हा फोटो. मला आपलं वाटायचं, ऐटीत उभी आहे. आज कळलं." मशीनने टूं टूं केलं, सिस्टर आली, एक बटण दाबून म्हणाली, "काकू, फार बोलू नका, बीपी उतरेल." बायको म्हणाली, "मी कुठे बोलतेय? हे बोलत नाहीत म्हणून यांच्या वाटचं मला बोलावं लागतं." सिस्टर हसून गेली. हातातल्या दोन नळ्यांतून तिचं रक्त जात होतं, येत होतं, आणि ती फोटोकडे बघत होती. मग तिने विचारलं, "शेवटी प्यायली का हो पाणी?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. संपादकाने नाही, कॅलेंडरवाल्याने नाही, बक्षीस देणाऱ्यांनी नाही. मी म्हणालो, "प्यायली की. मी बघितलं. खाली आली आणि भरपूर प्यायली." भरपूर हा शब्द मी का जोडला, देव जाणे. "बरं झालं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून तिने खुर्चीला डोकं टेकलं. तिच्या चेहऱ्यावर खरोखरीच बरं वाटलेलं दिसलं आणि मी पुन्हा चादर सारखी करू लागलो.

त्या फोटोवर आमचं घर उभं राहिलं असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि ते खोटं नाही. आधी तो कॅलेंडरवर आला, मग भेटकार्डांवर, मग विमा कंपनीच्या जाहिरातीत, मग लहान मुलांच्या तुकडे जुळवायच्या खेळात. एका गादीच्या दुकानात मी तो पाहिला आहे, खाली लिहिलं होतं 'निवांत'. बँकेत होता तेव्हा 'विश्वास' होता. माझं नाव पहिल्या दोन-तीन ठिकाणी होतं, पुढे ते गळून पडलं आणि मीही तक्रार केली नाही. लोकांना वाटायचं, केवढं मोठं मन. आमच्या घरात मात्र तो कधी लागला नाही. बायकोने एकदा चौकट करून आणली होती, तेव्हा मी म्हणालो, आपलंच काम आपल्याच भिंतीवर लावून रोज बघत बसणं बरं दिसत नाही. तिने ती चौकट बहिणीला देऊन टाकली. त्या डोंगरानंतर मी दोन वर्षं आणखी रानात हिंडलो, पण हात चालेना. प्राणी समोर आला की मी त्याच्यामागे पाणी कुठे आहे ते शोधायचो, आणि तेवढ्यात प्राणी निघून जायचा. मग बाजाराच्या तोंडाशी गाळा घेतला आणि पासपोर्टचे फोटो काढू लागलो. पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. हनुवटी जरा खाली. चष्मा काढा. दोन्ही कान दिसू देत. हसू नका, हसलेलं चालत नाही. माणसांचं एक बरं असतं, ती आपणहून येऊन बसतात आणि काम झालं की उठून जातात. तिथं कुणाला कुणाची वाट बघायला लागत नाही.

बायकोला दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच सूप, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी, त्यातच फळातला रस. सकाळी मी एका बाटलीत तेवढं मोजून भरतो. बाटलीवर चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्या आहेत: दुपारपर्यंत इथवर, संध्याकाळपर्यंत इथवर, झोपेपर्यंत इथवर. ती टेलिफोन ऑपरेटर होती. बत्तीस वर्षं घसा हेच तिचं भांडवल. तिचा आवाज ऐकायला लोक उगाच नंबर विचारायचे, असं ती सांगते, आणि त्यातला एक मी. आता बोलताना तिच्या घशात कोरडं काहीतरी घासतं. सुरुवातीला मी पाण्यावर लक्ष ठेवत नव्हतो. मग आठ महिन्यांपूर्वी एका लग्नाहून आल्यावर ती दोन दिवस गुपचूप पीत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर ताठ बसून माशासारखी तोंडाची उघडझाप करू लागली. छातीत पाणी साचलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये तिने माझं मनगट असं धरलं होतं की चार बोटांचे वळ आठवडाभर दिसत होते. मुलगी दूरच्या शहरात असते. तिने फोनवर मला बजावलं, "बाबा, आई लाडीगोडी लावेल. तुम्ही विरघळू नका. तुम्ही बसा स्वयंपाकघरात." म्हणून मी बसतो. गाळा आता अर्धाच दिवस उघडतो, दुपारनंतर मी स्वयंपाकघरात, पाण्याच्या फिल्टरच्या शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतो. एक घोट म्हणजे साधारण पंधरा मिली. पलीकडच्या खोलीतून ती प्यायली तरी मी आवाजावरून घोट मोजू शकतो. या गोष्टीचा मला थोडा अभिमानसुद्धा वाटत होता, हे कबूल करायला हवं.

त्या दिवशी रिक्षातून घरी येताना ती थकून माझ्या खांद्यावर कलंडली होती, आणि मी डोंगरावर होतो. मासिकाला हवा होता पाणी पिणाऱ्या रानबकरीचा फोटो. खाली पाणी, पाण्यात तिचं प्रतिबिंब, पुढचे पाय दुमडलेले. तसा फोटो तोवर कुणी काढला नव्हता. त्या सगळ्या डोंगरात उन्हाळ्यात पाणी एकाच जागी उरायचं, खडकाच्या कुशीतलं एक कुंड, एखाद्या न्हाणीघरापेक्षा मोठं नव्हे. मला तिथवर घेऊन गेला तो एक म्हातारा वाटाड्या. उंच, हाडं मोजून घ्यावीत असा, तोंडात कायम एक वाळकी काडी. त्याने कातडी पिशवीत पाणी भरून घेतलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाला, "साहेब, पाणी भरलं की उठायचं. इथे बसायचं नसतं. आम्ही तहानेने मेलो तरी इथे बसून मरत नाही." मी म्हणालो, "मी काही त्यांना खाणार नाही. मी दिसणारसुद्धा नाही." मी लपण बांधलं, म्हणजे दगड रचून, वर मातकट कापड टाकून, आत एक माणूस आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं मावेल एवढा आडोसा. कुंडापासून चाळीस पावलांवर, दुपारपर्यंत ऊन माझ्या पाठीशी राहील अशा जागी. म्हाताऱ्याने लपणाभोवती एक फेरी मारली, ओंजळभर माती उचलून वरून सोडली आणि माती कुठे जाते ते मला दाखवलं. माती वर गेली. "दुपारी वारा वर चढतो," तो म्हणाला. "तुम्ही दिसणार नाही, पण तुमचा वास तिथे वर जाईल. त्या तिथूनच येतात." हे कोणत्याही शिकाऊ छायाचित्रकाराला कळतं. मलाही कळत होतं. पण जिथून वारा बरोबर होता तिथून ऊन डोळ्यांवर येत होतं आणि पाण्यातलं प्रतिबिंब काळं पडलं असतं. मी वाऱ्यापेक्षा ऊन निवडलं. तेव्हा मला वाटलं की प्राणी तहानलेला असला की वास-बीस काही बघत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी ती आली. वर कडेवर, दोघं. म्हणजे ती आणि तिचं करडू, तिच्या पोटाखाली उभं राहता येईल एवढंच. ती खाली दोन उड्या उतरली, थांबली, नाक वर केलं आणि परत वर गेली. करडू तिच्यामागे गेलं. मी तीन फोटो काढले, अंतर मोजायला म्हणून. आत लपणात गरम तव्यावर बसल्यासारखं वाटत होतं. माझ्याकडे पाच लिटरचा कॅन होता आणि मी मनाला येईल तेव्हा पीत होतो. रबरी बूच काढताना 'टप्' असा आवाज यायचा, तेवढा आवाज ऐकून कडेवरची मान वळायची. हे मला त्या वेळी गमतीचं वाटलं, एकदा-दोनदा मी मुद्दामसुद्धा काढलं बूच, मान वळलेली बघायला. अंधार पडला की मी खालच्या तंबूत जायचो, उजाडायच्या आत परत यायचो. म्हाताऱ्याला विचारलं, त्या रात्री पितात का? तो म्हणाला, "रात्री तिथे बिबट्या पितो." बस्स, तेवढंच. दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून उभी होती. करडू उभं नव्हतं, तिच्या पायांशी दगडाच्या सावलीत पडलं होतं, सावली सरकली की ते उठायचं आणि सरकून पडायचं. दुपारी म्हातारा रांगत लपणाशी आला आणि कापडाला तोंड लावून म्हणाला, "साहेब, तासभर उठा. नुसते त्या वळणापर्यंत जाऊन या. त्यांचं पिऊन होऊ दे, मग परत बसा." मी म्हणालो, "आता येईलच ती. एवढं थांबलोय." तो काही वेळ तसाच पोटावर पडून राहिला, मग मागे सरकत गेला. मी खोटं बोलत नव्हतो. मला दर क्षणी वाटत होतं की आता येईलच. वाट बघणाऱ्याला हे असं वाटतच राहतं, आणि वर तीही तेच करत होती हे माझ्या ध्यानात आलं नाही. का आलं होतं? एकतीस वर्षांत मी या प्रश्नाची दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आहेत.

तिसऱ्या दिवशी ती एकटी होती. संध्याकाळी ऊन कलंडलं, मागचं आभाळ पेटलं, आणि ती मावळतीसमोर आडवी उभी राहून माझ्याकडे मान वळवून बघत राहिली. पाण्यावर आता सावली आली होती, प्रतिबिंबाचा फोटो गेला होता. मी कॅमेऱ्याचं भिंग वर उचललं आणि सहज म्हणून तिला चौकटीत घेतलं. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. ती हलत नव्हती. सहसा रानातलं जनावर कान हलवतं, शेपटी हलवतं, वाळक्या पानासारखा एक डाव्या कानाचा शेंडा सोडला तर तिचं काही हलत नव्हतं, म्हणून मला शटरचा वेग संथ ठेवता आला, म्हणून तो फोटो इतका रेखीव आला. अकरा फोटो काढले. ऊन गेलं तशी मी सामान आवरलं. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. सकाळी निघायच्या वेळी म्हातारा जागेवर नव्हता. तो कडेवरून उतरताना दिसला. खाली आल्यावर त्याने वाळूने हात घासले, बराच वेळ, मग काडी तोंडात घातली. मी विचारलं, "काय होतं वर?" "पिल्लू," तो म्हणाला. "आणि ती?" "आहे तिथेच. त्याला सोडत नाही." पुढे सहा तास आम्ही चाललो. वाटेत त्याची पिशवी रिकामी झाली. मी माझा कॅन पुढे केला, त्यात अजून निम्मं पाणी होतं. त्याने मान हलवली. दुसऱ्यांदा केला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ते तुमचं पाणी आहे," आणि गावापर्यंत कोरड्या तोंडाने चालला.

घरी आल्यावर मी बायकोला एवढंच सांगितलं होतं की फोटो चांगला आला. तेव्हा आमचं लग्न नवं होतं, मुलगी पोटात होती. तिने मला आंघोळीला दोन बादल्या पाणी काढून दिलं आणि माझी सोललेली मान बघून हळहळली. आता एकतीस वर्षांनी तिने तो फोटो भिंतीवर पाहिला आणि त्या बकरीला हाताशीच धरलं. दुपारी गोळ्या गिळताना म्हणाली, "आज तुमच्या बकरीची आठवण केली आणि निम्म्याच घोटात गोळी उतरवली. तिने केवढं सोसलं, पण शेवटी प्यायलीच ना." डायलिसिसला गेल्यावर तिने सिस्टरला सांगून आपली खुर्ची बरोबर फोटोसमोर घेतली. शेजारच्या बाईंनाही सांगितलं. "यांनी काढलाय. तीन दिवस पाणी नव्हतं तिला. मग भरपूर प्यायली." शेजारच्या बाई माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे होतं सगळं नीट, नाही?" तीन दिवस हे बायकोला कुणी सांगितलं? मीच कधीतरी बोलून गेलो असेन. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. साचलेल्या पाण्याचं तिचं वजन त्या आठवड्यात कमी वाढलं होतं, दोन किलोच्या आत. सिस्टरने तिची पाठ थोपटली. माझ्या खोट्याचा तिला औषधासारखा गुण येत होता, आणि माझी झोप उडाली होती.

एका दुपारी गाळ्यातून आल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. त्यात कॉन्टॅक्ट शीट होत्या, म्हणजे अख्ख्या रोलचे फोटो टपालाच्या तिकिटांएवढे एकाच कागदावर. भिंग घेऊन खिडकीशी बसलो. पहिल्या दिवशी दोघं. दुसऱ्या दिवशी ती उभी आणि पायाशी एक फिकट ठिपका. तिसऱ्या दिवशीच्या अकरा फोटोंत ठिपका नाही. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. फोटो निवडताना भिंग डोळ्याला लावून मी अकरा फोटो एकेक करून पाहिले होते, आणि मग अकरांतला सातवा निवडला, कारण सातव्यात तोंड जरा उघडं होतं आणि चेहऱ्याला भाव आला होता. भाव. मी हाच शब्द संपादकाला सांगितला होता. भिंगाखाली ते तोंड बघता बघता मला आमच्या स्वयंपाकघराचं दार आणि त्यात येऊन थांबणारी बायको दिसली. मी पेटी झाकून परत माळ्यावर ठेवली आणि हात धुतले. साबण लावून, पुन्हा लावून.

आठवड्यातून एकदा डायलिसिसशिवाय सलग दोन दिवस कोरडे जातात, तेव्हा सगळ्यात वाईट. या रविवारी वीज गेली होती, पंखा बंद होता. बाटली दुपारीच तिसऱ्या रेघेला टेकली होती. तिचा बर्फाचा खडा चघळून झाला, तोंड खळखळून थुंकून झालं, लिंबाची गोळी झाली. मी फिल्टरशेजारी बसलो होतो, पेपर उघडा, वाचत काहीच नव्हतो. पावलं वाजली नाहीत, पण ती आली हे कळलं. मी वर बघितलं. ती दारात उभी होती, अंग आडवं, एक हात चौकटीला, मान माझ्याकडे वळवलेली. मागच्या खिडकीचं कलतं ऊन तिच्या पिकल्या केसांच्या कडेला लागलं होतं. तोंड थोडं उघडं. "काय गं?" मी म्हणालो. "काही नाही. उभी आहे." "जाऊन पड जरा." "पडून आले." ती तशीच उभी राहिली. ऑपरेटरची सवय तिची, बोलणारा सांगेल तेवढ्यावर ती कधी थांबायची नाही, नंबर नीट जुळेपर्यंत विचारत राहायची. तिने विचारलं, "अहो, ती पाणी प्यायला खाली आली, तेव्हा तुम्ही किती लांब होतात?" मी म्हणालो, "चाळीस पावलं." "मग तुम्हाला भिऊन पळाली कशी नाही?" मी पेपरची घडी घातली. त्या घडीची पुन्हा घडी घातली. नुसतं कापडाआड होतो, असं म्हणालो असतो, तर तिला उद्याच्या सकाळपर्यंत पुरलं असतं. उद्या सकाळी साडेसातला तिची खुर्ची होती, फोटोसमोरची.

"ती आलीच नाही खाली," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं, माती वर गेली तिथपासून, बुचाचा आवाज, म्हातारा पोटावर सरपटत आला ते, वाळूने धुतलेले हात. माझा आवाज मलाच गाळ्यातल्यासारखा वाटत होता, हनुवटी खाली, चष्मा काढा. "करडू केवढं होतं?" तिने शेवटी विचारलं. मी हाताने जमिनीपासून उंची दाखवली. आमची मुलगी उभी राहायला लागली तेव्हा एवढीच होती, हे दोघांच्याही मनात आलं असावं, कारण तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि मी हात खाली घेतला. ती रडली नाही. रडायला पाणी लागतं, ती नेहमी थट्टेने म्हणते, आज म्हणाली नाही. "म्हणजे ती पाण्याकडे बघत नव्हती," ती हळूहळू म्हणाली, "तुमच्याकडे बघत होती. हा कधी उठतोय म्हणून." मी हो म्हणालो. फिल्टरमधून एक थेंब खालच्या भांड्यात पडला आणि आम्ही दोघांनी तिकडे बघितलं.

"मग आता तरी उठा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "उद्या सकाळपर्यंत काढ. छातीत साचेल. मागच्या वेळी कसं झालं होतं—" "मला माहीत आहे मागच्या वेळी काय झालं. छाती माझीच होती." तिच्या आवाजात राग नव्हता. ती मला नंबर जोडून द्यावा तसं सांगत होती. "त्या बिचारीला बोलता येत नव्हतं. मला येतं. किती प्यायचं ते माझं मी बघेन. नाहीतर नाही बघणार. पण तुम्ही पाण्यापाशी बसायचं नाही." मुलगी काय म्हणेल, डॉक्टर काय म्हणतील, मी जाऊन आलो आणि ती पलंगावर ताठ बसलेली दिसली तर, हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, बसून राहायची जुनी ओढ, की आणखी थोडंच, आता निभेलच. तिने दार सोडलं नाही आणि आतही आली नाही. मी उठलो. गुडघे वाजले. खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत ठेवली, तिच्याजवळून जाताना तिने अंग चोरून मला वाट दिली. चपला घातल्या, दार ओढून घेतलं, कडी लावली नाही. जिन्यात ऊन होतं. सवयीने दोन पायऱ्या खाली उतरलो आणि थबकलो. तळमजल्याच्या दारातून आलेली गरम झुळूक माझ्या गळ्याला लागून वर जात होती. दुपारी वारा वर चढतो. मी मागे वळलो, आमच्या दारावरून पाय न वाजवता गेलो आणि वरच्या मजल्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने आत भांड्याचा आवाज झाला, मग घोटांचा. भिंतीपलीकडून ते ओळखू येत होते, एक, दोन, तीन. पुढचे मी मोजले नाहीत.